'सर्व' हा शब्द काढला तेव्हा

मी वर्तुळाची व्याख्या बोलतेय. हो, तीच, परीक्षेपुरती घोकून तुम्ही विसरलात ती! सगळ्यांनी मिळून लिहायच्या एका अरबी ज्ञानकोशात, संगणकाच्या पडद्यावर माझं घर आहे.

मला लिहिलं स्फाक्स शहरातल्या शाजलियाबाईंनी, तिकडच्या बोलीत लल्ला शाजलिया यांनी. निवृत्त गणितशिक्षिका. पाव ऑलिव्हच्या तेलात बुडवून खात खात त्यांनी मला रचलं: एका प्रतलात, ठरलेल्या बिंदूपासून ठरलेल्या अंतरावर असलेल्या सर्व बिंदूंचा संच. बस्स, एवढीच मी.

दुसऱ्याच दिवशी ओरान शहरातून सी तिजानी, म्हणजे आपले तिजानीराव, आले आणि माझ्यातलं प्रतल उडवून गेले. इथे कुणीही कुणाचं खोडू शकतं. भांडायला शेजारीच चर्चेचं पान असतं.

"सी तिजानी, प्रतल काढलंत तर चेंडूसुद्धा वर्तुळ ठरेल!"

"लल्ला, तुमच्या पोरांना चेंडू आणि ताटली सारखीच दिसते वाटतं?"

"पोरांना डोळे आहेत हो, व्याख्येला नसतात!"

"बरं बाई, घाला तुमचं प्रतल. डोकं नका खाऊ."

वर्षानुवर्षं हेच. दोघं कधी भेटले नाहीत, एकमेकांचा आवाजही ऐकला नाही. रमजानच्या शुभेच्छासुद्धा भांडणाच्या शेपटाला जोडून द्यायचे. मला फार बरं वाटायचं.

या हिवाळ्यात तिजानी गप्प झाले. लल्लांनी विचारलं, पुन्हा विचारलं. उत्तर नाही. फोन नंबर नाही, पत्ता नाही. मग एका दुपारी लल्लांनी माझ्यातलं 'सर्व' काढून टाकलं. अगं बाई! आता वर्तुळाचा नुसता तुकडाही वर्तुळ म्हणून खपला असता. याच शब्दासाठी सारी नोकरी त्यांनी पोरांचे गुण कापले होते. पण ही चूक बघून तिजानी गप्प बसणार नाहीत, एवढीच त्यांची आशा होती.

उत्तर आलं ते त्यांच्या मुलीचं, वर्दियाचं.

"लल्ला, बाबा मंगळवारी गेले. या हिवाळ्यात त्यांना दिसेनासं झालं होतं, पान मीच वाचून दाखवायचे, उत्तर लिहायचं राहून जायचं. 'सर्व' गेलेलं ऐकून खूप हसले. म्हणाले, 'ती चुकायची नाही, मला हाक मारतेय. लिही, मी आहे म्हणावं.' मी म्हटलं, उद्या लिहिते."

लल्लांनी तो शब्द परत घातला. बदलाचं कारण लिहायची जागा कोरीच ठेवली. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

आता मी अगदी बिनचूक आहे, आणि मला ते सोसत नाही. या हो कुणीतरी, माझ्यावरून भांडा.