नऊ किलोमीटर

शरदातलं सोनपिवळं ऊन तुतीच्या पानांवरून उतरत होतं. उतरत होतं सरोवराच्या नील-जांभळ्या पाण्यावर, आल्प्सच्या पायथ्याशी निजलेल्या त्या रेशीमगिरणीच्या कौलांवर. ब्रुनेस्की घराण्याची ही गिरणी कधीच बंद पडली होती. घराण्याचं वैभव मात्र बंद पडलं नव्हतं.

त्या वैभवाच्या सावलीत धाकट्या लेआंद्रोने एक स्वप्न मांडलं होतं. छोटासा कारखाना, मोजके कारागीर, आणि वर्षाकाठी एखादीच रक्तवर्णी, वायुवेगी शर्यतीची गाडी. बॉनेटवर रुपेरी अक्षरांत घराण्याचं नाव.

पत्रा ठोकायचा तो ओरेस्ते. लाकडी ठोकळ्यावर, हातोडीच्या हजार हलक्या घावांनी तो ॲल्युमिनियमला वळण देई. त्या नादात त्याचे कान गेले, अर्धे. गाडी पुरी झाली की बॉनेटच्या आतल्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तो खिळ्याने एक पाकोळी कोरी. दूर जाणारा पक्षी. मग सारे कारागीर बाकांवर हातोड्या वाजवीत आणि गाडी निरोप घेई.

सात गाड्या अशा गेल्या. आठवी आज निघायची होती. मागणी मिलानच्या वकिलामार्फत येई. ग्राहकाला म्हणे नाव गुप्त ठेवायचं असे. श्रीमंतांना प्रसिद्धीचा कंटाळा असतो, असं लेआंद्रो खुशाल मानून चालला होता. स्वतः श्रीमंत असून.

"गेली का रे तुझी गाडी?" आई दर वेळी विचारी, आणि रात्रीच्या जेवणाला एक पदार्थ जास्त करवी.

आज तो गिरणीत आला होता लाल रेशमासाठी. तूरिनच्या मोटार-प्रदर्शनात नव्या गाडीवर पांघरायला. कोठाराचं दार त्याने ढकललं. आत मंद, धूसर, धूळभरला प्रकाश. आणि रेशमी चादरींखाली ओळीने निजलेले सात आकार.

त्याने एक चादर ओढली. दुसरी ओढली. बॉनेट उचललं. पाकोळी होती. प्रत्येकीत होती. आणि प्रत्येकीच्या वेगाच्या काट्याखाली धावलेल्या किलोमीटरचा एकच आकडा. नऊ.

कारखान्यापासून गिरणी नऊ किलोमीटर होती.

लाज आधी कानांत चढली, मग डोळ्यांत. आई, तू हे काय केलंस, असं त्याला ओरडावंसं वाटलं. पण ओरडण्याइतकाही तो आता कुणी नव्हता.

बाहेर इंजिनाचा ओळखीचा गुरगुराट आला. आठवी गाडी अंगणात शिरली. चालवणारा ओरेस्ते होता. लेआंद्रोला पाहून त्याने गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं, आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सगळ्या तुम्हीच आणल्यात?"

"मीच, धाकटे मालक. बाईसाहेबांनी मला शपथ घातली होती."

"आणि तरी पाकोळी कोरत राहिलात?"

म्हाताऱ्याने मांडीवरच्या टोपीची कड बोटांनी सरळ केली. "दर वेळी वाटायचं, ही तरी उडेल."

लेआंद्रोची मान खाली गेली. आईने त्याची मागणी विकत घेतली होती, त्याचं कौतुक विकत घेतलं होतं. ते त्याने सोसलं असतं. पण या माणसाचे अर्धे कान, या माणसाचं सारं आयुष्य, चादरीखाली घालून ठेवलं होतं. आणि त्या चादरी त्याच्याच घरच्या होत्या.

तो शेजारच्या आसनावर येऊन बसला.

"चला, ओरेस्ते."

"कुठे?"

"कुठेही. पण आत नको."

गाडी वळली. फाटकातून निघाली, तुतीच्या रांगांमधून, सरोवराच्या वळणावळणाच्या काठाने. वाटेत चाकाखालून एक खडा उडाला आणि टणकन पत्र्यावर बसला. लेआंद्रो दचकला. ओरेस्ते मात्र हसला. अर्ध्या कानांनीही त्याला तो आवाज नीट ऐकू आला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या पत्र्याला गिरणीपलीकडचा रस्ता लागला होता.

लेआंद्रोने त्याच्याकडे पाहिलं नाही. मांडीवरचे आपले स्वच्छ, गुळगुळीत हात तो पाहत राहिला. आणि समोर, काट्याखालच्या इवल्या खिडकीत, नऊचा आकडा हळूच हलला, अडखळला, आणि दहा झाला.