लॉरेटाबाईंचा आवाज

“ते जुने टेक काढ, पी,” डेरिक म्हणाला. “पहिल्या अल्बमच्या रेकॉर्डिंगचे. ममा मधेमधे बोलायची ना, ते.”

प्रतापने हातातला चहाचा मग टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “बघतो.”

पंचवीस वर्षांत त्याने डेरिकला “बघतो” असं उत्तर कधी दिलं नव्हतं. डेरिकने मागावं आणि प्रतापने दोन मिनिटांत स्पीकरवर लावावं, हीच या स्टुडिओची रीत होती. डेरिकला मात्र त्या उत्तरात काही वावगं वाटलं नाही. तो खुशीत होता. पहिल्या अल्बमची रौप्यमहोत्सवी आवृत्ती निघणार होती आणि तिची सुरुवात आईच्या आवाजाने करायची, हे त्याने आईच्या अंत्यसंस्काराच्या दिवशीच मनाशी ठरवलं होतं.

डेरिक व्हिटफील्डला जग ‘कर्फ्यू’ या नावाने ओळखत होतं. हे नाव रस्त्यावरच्या कुठल्या तरी दंगलीतून आलं असणार, अशी चाहत्यांची समजूत होती आणि डेरिकने ती मोडली नाही. खरं कारण साधं होतं; घरी परतायच्या ठरलेल्या वेळेलाही तिकडे कर्फ्यूच म्हणतात. रात्री नऊच्या आत घरी यायचं, असा त्याच्या आईचा, लॉरेटाबाईंचा, दंडक होता आणि पोरगा बाविसाव्या वर्षापर्यंत तो मुकाट्याने पाळत होता. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याच्या नावावर अकरा अल्बम होते, बुटांची कंपनी होती, चार राज्यांत केशकर्तनालयं होती आणि एका बास्केटबॉल टीममध्ये भागीदारी होती. आधी वेळ ठरवून घेतल्याशिवाय कुणाला त्याच्याशी बोलता येत नसे. प्रताप ठवकर तेवढा अपवाद होता.

प्रताप मूळचा नागपूरचा. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी व्हर्जिनियात, हर्नडनला आला आणि एका शनिवारी ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीने एका तळघरातला बंद पडलेला कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेला. ते तळघर म्हणजेच डेरिकचा स्टुडिओ. काच नाही, वेगळी खोली नाही. मधोमध माइक आणि दोन पावलांवर एक फाटका सोफा. त्या सोफ्यावर लॉरेटाबाई क्रोशाचं विणकाम घेऊन बसायच्या. शाळेच्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर स्वयंपाक करून थकलेली बाई शनिवारीसुद्धा डबा घेऊन यायची. हा पोरगा मांस खात नाही हे कळल्यावर तिने प्रतापसाठी राजमा-भात वेगळा आणायला सुरुवात केली. प्रताप पुढच्या शनिवारी गेला, त्याच्याही पुढच्या शनिवारी गेला, आणि ग्रीन कार्ड हातात पडल्यावर नोकरीला रामराम ठोकून कायमचाच डेरिककडे गेला. नागपूरला त्याचे वडील वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत.

संगीतातलं त्याला काही कळत नव्हतं. कळत होती ती स्वच्छता. डेरिक गाताना लॉरेटाबाई मधेच बोलायच्या, खोकायच्या, हसायच्या. ते सगळं माइकमध्ये शिरायचं. प्रताप प्रत्येक ठिकाण शोधून कापायचा आणि अल्बम पुरा झाल्यावर कापलेलं सगळं पुसून टाकायचा. नको त्या फाइली मशीनवर ठेवायच्या नाहीत, हे सॉफ्टवेअरच्या धंद्यात त्याच्या हाडीमासी खिळलं होतं. शिवाय डिस्क छोटी होती आणि नव्या गाण्यांना जागा हवी होती. दुसरा कुठलाही साउंड इंजिनियर असता तर त्याने ते पसाऱ्यात तसंच राहू दिलं असतं. कर्फ्यूच्या गाण्यांतला नितळपणा पुढे नावाजला गेला तेव्हा डेरिक सगळ्यांना सांगायचा, “ती पीची करामत.” प्रताप तेव्हा लाजून मान खाली घालायचा.

पहिल्या अल्बमनंतर चार वर्षांनी लॉरेटाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. ती परत आली नाही. फोनवर व्हिडिओ काढायची सोय सगळ्यांच्या हाती आली ती त्यानंतर. त्यामुळे लॉरेटाबाईंचे शेकडो व्हिडिओ होते, केक कापतानाचे, नातवंडांना कुशीत घेतानाचे, आणि त्या सगळ्यांत त्या गप्प होत्या. गेल्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

प्रतापने दोन दिवस घरातली जुनी खोकी उपसली. काय सापडणार ते त्याला ठाऊक होतं, तरी उपसली. बायको सुनेत्रा दारात उभी राहून बघत होती.

“अरे, तूच डिलीट केलंस ना? मग शोधतोयस काय?”

“एखादी कॉपी राहिली असेल.”

“तुझ्याकडून? कॉपी राहील?” ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा पाहून खाली बसून त्याच्याबरोबर खोकी उघडू लागली.

सनीव्हेलला नोकरी करणाऱ्या इलाने, त्यांच्या मुलीने, फोनवर सगळं ऐकून घेतलं. तिच्या दृष्टीने हा प्रश्नच नव्हता.

“बाबा, इट्स फिक्सेबल. डेरिकच्या मोठ्या बहिणीचा आवाज आईसारखा सेम आहे म्हणतोस ना? तिचे इंटरव्ह्यूज आहेत. मी एआयने जनरेट करून देते. थोडं ओल्ड करू, थोडा रूम साउंड टाकू.”

“आणि त्याला सांगायचं काय?”

“नथिंग! ही विल बी हॅपी, बाबा. कोणाचं काय नुकसान आहे?”

संध्याकाळी फाइल आली. प्रतापने हेडफोन लावले. एक बाई मायेने म्हणत होती, तुझा अभिमान वाटतो मला, बाळा. आवाज हुबेहूब जुळला होता. पण लॉरेटाबाईंनी असं पुरं, घोटीव वाक्य कधी उच्चारलंच नव्हतं. तोंडात सुई नाहीतर दोरा धरून, गाण्याच्या ऐन भरात, कुणाची पर्वा न करता बोलायच्या त्या. डेरिकने मात्र हे गिळलं असतं. गेली एकवीस वर्षं तो त्या आवाजाचा भुकेला होता, तो काय पारखून बघणार? प्रतापला स्वतःची वाचलेली नोकरी दिसत होती, डेरिकची कृतज्ञ मिठीही दिसत होती. एवढं सोपं असूनही आपल्याला ते जमणार नाही, याचा त्याला रागच आला. त्याने फाइल पुसली. पुसण्यात तो पहिल्यापासून तरबेज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत दोघेच होते.

“डेरिक, ते टेक नाहीत. मीच पुसले. अल्बम झाला त्याच आठवड्यात.”

डेरिक हसला. थट्टा असेल असं त्याला वाटलं. मग हसू मावळलं.

“तू काहीच फेकत नाहीस. मी लोकांना सांगतो, पीकडे सगळं असतं.”

“गाणी ठेवली. बाकीचं मला कचरा वाटलं.”

“कचरा.” डेरिक उठला. तो दांडगा माणूस होता, खुर्ची मागे जाऊन भिंतीवर आपटली. “माझी आई बोलत होती, मॅन! तुला राजमा करून घालणारी बाई बोलत होती!”

प्रतापने माफी मागायला तोंड उघडलं, पण शब्द फार लहान वाटले. त्याने किल्ल्यांचा जुडगा खिशातून काढून टेबलावर ठेवला, कोट उचलला आणि दारापर्यंत गेला.

“काय म्हणायची ती?”

प्रताप वळला. डेरिक त्याच्याकडे पाठ करून उभा होता.

“मी गात असायचो, पी. कानांवर बीट असायची. मला एक शब्द आठवत नाही. गेलं वर्षभर आठवून बघतोय. तू ऐकलं असशील ना?”

ऐकलं होतं. कुठून कापायचं हे नेमकं कळावं म्हणून प्रत्येक जागा प्रतापने दहादहा वेळा ऐकली होती. साऱ्या जगात ते ऐकलेला तो एकटाच माणूस उरला होता, आणि हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. तो परत आला आणि कोट हातात घेऊनच बसला.

“दुसऱ्या गाण्यात तू तिसरं कडवं फार पळवायचास,” तो म्हणाला. “अकरा वेळा चुकलास. दर वेळी त्या म्हणायच्या...” तो थांबला. त्याचं इंग्रजी अजून नागपूरचंच होतं, त्या बाईचे शब्द आपल्या तोंडी शोभणार नाहीत असं त्याला वाटलं. पण दुसरं तोंड नव्हतं. “म्हणायच्या, सावकाश, बाळा. कुणी तुझ्या पाठीस लागलेलं नाहीये.”

डेरिक हळूहळू जमिनीवरच बसला. टेबलावरचा त्याचा फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. बुटांच्या कंपनीची माणसं वरच्या मजल्यावर त्याची वाट बघत होती.

“पुन्हा म्हण,” तो म्हणाला.

प्रतापने म्हटलं.

“तशीच म्हणायची?”

“नाही. ‘बाळा’वर जरा थांबायच्या.”

“मग तसं म्हण.”

बावन्न वर्षांच्या प्रतापने घसा साफ केला आणि ‘बाळा’वर जरा थांबून, त्या बाईने जितक्या हळू म्हटलं होतं तितक्याच हळू, तिसऱ्यांदा म्हटलं. डेरिकने गुडघ्यांवर डोकं टेकवलं होतं. तो आणखी मागेल म्हणून प्रताप पुढचं आठवत राहिला.