पुढच्या आवाजावर जा

सावली गावातल्या धनराजभाऊंच्या स्टुडिओत संगणकासमोरची खुर्ची नीलिमाची. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचं रेकॉर्डिंग कापायचं, जोडायचं, जाहिरातीला तुकडे काढायचे, हे ती वर्षानुवर्षं करत आली होती. ती हे कसं करते, असं तिला कधी कोणी विचारलं नव्हतं.

मग नागपूरच्या एका कंपनीनं भाऊंना नवं सॉफ्टवेअर दिलं. त्यात माउस नको. मराठीत बोलायचं आणि एआय कर्सर हलवणार. कर्सर म्हणजे आवाजाच्या लाटांवरून सरकणारी ती उभी रेघ. अट एकच: कोणत्या आज्ञेनं रेघ नेमकी कुठे जाते, याची पुस्तिका स्टुडिओनं लिहून द्यायची. भाऊंनी काम दिलं मयुरीला. पोंभुर्ण्याची ही पोरगी येऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

"तिचं लिहिणं सरळ हाय," भाऊ म्हणाले. "नीलिमा, तू फक्त तपासून दे. पुस्तिका जमली तं यंदाच्या सीझनले मशीनवर मयुरीच बसन. तू बाहेरची गिऱ्हाइकं पाह्य."

नीलिमा 'हो' म्हणाली आणि त्या दिवशी डबा तसाच घरी घेऊन गेली.

मयुरी एकेक आज्ञा बोलायची, रेघ कुठे थांबते ते बघायची, पुन्हा बोलायची आणि मगच लिहायची. 'निवडीच्या शेवटी जा.' 'मागच्या कापावर ये.' 'बारीक आवाज सोड.' येणाऱ्या-जाणाऱ्याला भाऊ ती पानं वाचून दाखवत. चूक शोधायला नीलिमा ती पानं न्याहाळायची आणि चूक सापडत नाही म्हणून आणखी जळायची.

एक दिवस सापडली. 'पुढच्या आवाजावर जा: कर्सर पुढचा संवाद जिथे सुरू होतो तिथे थांबतो.'

मयुरीनं हे स्वतःच्या आवाजावर तपासलं होतं. पण झाडीपट्टीच्या नाटकात तालमी थोड्या, म्हणून प्रॉम्प्टर आधी वाक्य पुरवतो आणि नट ते उचलतो. माईकमध्ये दोघंही येतात. मशीनला काय, कुजबुजही आवाजच. रेघ तिथेच थांबणार. नीलिमाला हे वाचताक्षणी कळलं. पेनाचं टोक कागदावर थोडा वेळ टेकून राहिलं. मग तिनं बरोबरची खूण केली, शेपटाला तिचं नेहमीचं वळण देऊन.

पुस्तिकेच्या परीक्षेच्या दिवशी एका नाटक कंपनीचे मालक गुणवंतराव स्वतः आले. त्यांच्या नाटकातले गाजलेले संवाद मोबाइलवरच्या जाहिरातीसाठी काढायचे होते. नीलिमाचा आवाज स्वच्छ, म्हणून पुस्तिकेत बघून आज्ञा द्यायला भाऊंनी तिलाच बसवलं.

"पुढच्या आवाजावर जा. इथून संवाद संपेपर्यंत काप. वाजव."

आधी एक बारीक, सर्दी झालेला आवाज आला, "थांब पाटला, ही पोर माझी आहे." मग नायकानं तेच गरजून म्हटलं.

गुणवंतराव मांडीवर थाप मारून हसले. "वा रे धनराज! पोस्टरवर फोटो हिरोचा, आन् पयला डायलाग प्रॉम्प्टरचा!"

मयुरीचा चेहरा उतरला. तोच बघायला नीलिमा इतके दिवस थांबली होती.

भाऊंनी मात्र पान उलटून खूण पाहिली. "नीलिमा, हे तू तपासलं होतं ना? प्रॉम्प्टर कापण्यात तुही जिंदगी गेली. तुले दिसलं नाई?"

दिसलं नाही म्हणावं, तर इतक्या वर्षांचा कान काय कामाचा? दिसलं म्हणावं, तर मग गप्प का बसली?

"भाऊ, ते पान मी ताईले दाखवलंच नाई," मयुरी मध्येच बोलली. "घाई होती. खूण मीच केली."

"चाला, पोरगी कबूल तरी करते," गुणवंतराव म्हणाले. भाऊंचा चेहराही निवळला. मयुरीकडे त्यांनी असं पाहिलं, जसं नीलिमाकडे कधी पाहिलं नव्हतं.

वाचली होती नीलिमा. नुसतं गप्प बसायचं होतं. पण मोठेपणाही हिचाच? आणि तो आपण जन्मभर डोक्यावर वागवायचा?

"खोटं बोलून राह्यली ते," नीलिमा म्हणाली. "खूण माही हाय. मले दिसलं होतं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"नाई सांगितलं."

गुणवंतराव खिडकीबाहेर बघू लागले. भाऊंनी ते पान पुस्तिकेतून काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "ऊठ तिथून. मयुरी, तू बस. आन् नीलिमा, ते पान आता तू लिही."

बाजूच्या खुर्चीवर बसून नीलिमानं लिहिलं. 'प्रॉम्प्टरची कुजबुजही आवाज म्हणून धरली जाते. आधी "बारीक आवाज सोड" म्हणा, मग पुढे जा.' एक शब्द खोडला, पुन्हा लिहिला. वाक्य सरळ आलं.

मयुरीनं कागद घेतला आणि परत तिच्यापुढे धरला. "ताई, तुम्हीच बोलून पाहा ना."

"खुर्चीवर तू बसली," नीलिमा म्हणाली. "तूच बोल."

मयुरी बोलली. रेघ कुजबुज ओलांडून गेली आणि नायकाच्या गर्जनेपाशी बरोबर थांबली.