शंभर टक्के हाच

बाईने मोबाइल काउंटरवर ठेवला आणि ताईंना नीट दिसेल असा फिरवला.

"हे माझे मिस्टर. काल रात्री तुमच्याकडून बाळाचं तापाचं औषध घेऊन गेले. आठवतात का बघा ना, ताई."

ताईंनी फोटो पाहिला आणि हातातली गोळ्यांची पाकिटं तशीच धरून उभ्या राहिल्या.

चेहरे लक्षात ठेवण्यात ताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याला कुठली गोळी चालत नाही आणि त्याच्या सासूची कुठल्या मलमाबद्दल तक्रार आहे, हे सगळं त्यांच्या ओठांवर हजर. नवरा म्हणायचा, हिच्याशी भांडण्यात अर्थ नाही, ही साखरपुड्यापासूनचे पुरावे काढते. ताई वरवर रागवायच्या, आतून मात्र फुलायच्या.

काल दुकान बंद करून घरी जाताना त्यांच्या गळ्यातली साखळी कोणीतरी हिसकावली. पोलिसांनी त्याच गल्लीतून पळणारा एक माणूस धरला. चौकीत त्याला आणखी काही जणांबरोबर उभं केलं आणि ताईंना काचेच्या मागून बघायला सांगितलं. ताईंनी क्षणाचाही विचार केला नाही. "शंभर टक्के हाच," त्या म्हणाल्या. चेहरा इतका ओळखीचा वाटला होता.

का वाटला होता, ते आता काउंटरवर समोर होतं.

"पोराला ताप चढत होता म्हणून हे पळत निघाले," बाई सांगत होती. "तेवढ्यात पोलिसांनी धरलं. कोणाची तरी साखळी गेली म्हणे. झटापटीत औषधाची बाटली पडली, फुटली. आता साहेब म्हणतात, औषधाची गोष्ट बनवलेली आहे, दुकानात विचारायलाही तयार नाहीत. आणि ती बाई! तिनेही डोळे झाकून ह्यांच्याकडेच बोट दाखवलं. तिला काही..." बाईने स्वतःला आवरलं. "जाऊ दे. तिचंही सोनं गेलंच ना."

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी फोटो पुन्हा जवळ ओढला.

दुकान बंद करताकरता आलेला तो आता लख्ख आठवत होता. घामेजलेला, शर्टाची कॉलर एका बाजूला दुमडलेली. किती औषध द्यायचं ते त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा ताई त्याच्यावर खेकसल्याही होत्या. मग त्यांनी चोर आठवून पाहिला. अंधारी गल्ली, मानेला बसलेला हिसका, वळून पाहिलेला चेहरा. तिथेही हाच. दुमडलेल्या कॉलरसकट हाच. तो चोर नाही हे कळून चुकल्यावरही डोकं दुसरा चेहरा द्यायला तयार नव्हतं.

"चला," ताई म्हणाल्या आणि त्यांनी शटर ओढलं.

रस्ता ओलांडताना बाईने त्यांचा दंड धरला. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय," ती म्हणाली. ताईंना वाटलं, हा हात आता सुटेल तर बरं. चौकी येईपर्यंत तो सुटला नाही.

टेबलामागच्या साहेबांनी मान वर केली.

"या ताई. साखळीचा पत्ता नाही अजून. तुम्हाला आणखी काही आठवलं का?"

दंडावरची बोटं आधी घट्ट झाली, मग एकेक करून निघाली. ताईंनी बाजूला पाहिलं नाही.

"माझी चूक झाली, साहेब. तो माणूस माझ्याच दुकानात येऊन गेला होता. तिथे पाहिलेला चेहरा मी चोराला लावला."

"काल तर शंभर टक्के म्हणालात."

"हो."

"मग खरा चोर दिसायला कसा होता?"

ताईंनी डोळे मिटले. काउंटरपलीकडचा तो पुन्हा किती औषध द्यायचं ते विचारत होता, आणि त्याचाच हात गळ्यापाशी येत होता.

"मी पाहिलाच नसेल," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी असं म्हटलं होतं, आणि लाजेने त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

साहेबांनी जबाब पुन्हा लिहून घेतला, सही घेतली, कपाळाला आठ्या घालून शिपायाला आत पाठवलं. तोवर बाई भिंतीशी जाऊन उभी राहिली होती. तिने शिवी दिली असती तर ताईंना सोपं गेलं असतं.

तो बाहेर आला. रात्रभरात गाल बसले होते. बायकोकडे बघून त्याने आधी पोराची चौकशी केली. शेजारणीकडे आहे, ताप उतरलाय, ती म्हणाली. मग त्याची नजर ताईंवर गेली आणि त्याचा चेहरा उजळला.

"आलात तुम्ही! मी साहेबांना सांगत होतो, त्या मेडिकलवाल्या ताईंना विचारा, त्या मला विसरणार नाहीत." त्याने हात जोडले. "तुमच्यामुळे सुटलो, ताई."

ताईंनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती बोलेल म्हणून त्या थांबल्या. बाई नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. सांगायचं असेल तर तुम्हीच सांगा, असं काहीतरी त्या बघण्यात होतं.

ताईंनी मान खाली घातली.

"बघ, किती साधी माणसं असतात," तो बायकोला म्हणाला आणि दोघं बाहेर पडली.