बाईंचं अत्तर

तिने त्याच प्रयोगाची चौथी फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरली. डावीकडच्या, साध्या पेशींच्या रांगेत काळी रेघ उमटली होती, ती उमटायलाच हवी होती. उजवीकडच्या रांगेतही उमटली होती. तिने फिल्म उलटी करून पाहिली, जणू तेवढ्याने काही बदलणार होतं, आणि मग खाली ठेवली.

उजवीकडच्या पेशींत ते प्रथिन नव्हतंच. विषाणू माणसाच्या पेशीत शिरताना ज्याला धरतो ते हे प्रथिन, म्हणजे रिसेप्टर. दुसऱ्या एका संस्थेने जनुक कापून ते या पेशींतून काढून टाकलं होतं. अँटीबॉडीचं काम एवढंच, की रिसेप्टर असेल तिथे चिकटायचं आणि रेघ दाखवायची. नसेल तिथे गप्प बसायचं. परीक्षकांनी प्रबंध परत पाठवताना हे एवढंच करून दाखवायला सांगितलं होतं. उत्तराची मुदत उद्या संपत होती.

अँटीबॉडी बाजारातली नव्हती. तिच्या मार्गदर्शक बाईंनी ती वीस वर्षांपूर्वी स्वतः तयार केली होती आणि अजून त्या ती थेंबाथेंबाने वाटत होत्या. विद्यार्थी तिला ‘बाईंचं अत्तर’ म्हणत. कुपी उघडली की बाई श्वाससुद्धा बेताने घेतात, अशी चेष्टा चाले. त्या अत्तराची परीक्षा मात्र कधी कुणी घेतली नव्हती. रिसेप्टर नसलेल्या पेशी तेव्हा मिळत नव्हत्या, आणि मिळायला लागल्या तोवर बाईंच्या कुपीवर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही येईनासं झालं होतं. तिच्याही मनात आलं नव्हतं. त्याच रेघांवर तिने सहा वर्षं घालवली होती.

“पेशीच खोट्या असतील,” बाई परवा म्हणाल्या होत्या. “पाठवणाऱ्यांनी गोंधळ घातला असेल. विषाणू घालून बघ, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल.”

तिने घातला होता. प्रयोगासाठी निरुपद्रवी केलेला तो विषाणू पेशीत शिरला, की पेशी हिरवी चमकायची. रिसेप्टर नसेल तर त्याला शिरायला दारच नाही. उजवीकडच्या पेशी चमकल्या तर पेशी खोट्या, आणि ती वाचली. काळ्या राहिल्या तर अत्तर खोटं, आणि मग प्रबंधात उरतं काय? तिने दोन्ही प्रकारच्या पेशींच्या काचेच्या बशा ट्रेमध्ये ठेवल्या. तेवढ्यात फोन वाजला.

“पुढच्या रविवारी येतेस ना?” आईने विचारलं.

“बघते, आई.”

“बघते काय? पोरीने पिशवी भरून ठेवलीय. त्यातला फ्रॉक काढून घालू म्हटलं तर हात लावू देत नाही.”

मुलगी चार वर्षं आजीकडे होती. थिसिस झाली की तुला घेऊन येते, हे ती इतक्यांदा बोलली होती, की पोरीला थिसिस म्हणजे आजारी पडलेली कुणीतरी बाई वाटायची. अजून बरी नाही का झाली, असं ती विचारायची.

“नंतर करते गं,” ती म्हणाली. आईला वाईट वाटणार हे कळूनही तिने फोन ठेवला.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत भर दुपारी काळोख होता. साध्या पेशींची बशी तिने आधी पाहिली. तिथे हिरव्याची नुसती लयलूट होती. मग उजवीकडची बशी लावली. काळं. तिने बशी तसूतसूने सरकवत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेली, आणि पुन्हा परत आणली. एक तरी असू दे, ती पुटपुटत होती, एक तरी. तिला स्वतःची लाज वाटत होती, पण तोंड थांबत नव्हतं.

अर्ध्या तासाने अगदी कडेला एक हिरवा ठिपका दिसला. तिने घाईघाईने फोटो घेतला.

आता एकच करायचं राहिलं होतं. सूक्ष्मदर्शकाची लाल गाळणी, म्हणजे फिल्टर, फिरवून बघायची. विषाणूचा हिरवा उजेड लाल गाळणीत दिसत नाही. धूळ, कपड्याचा धागा, असला कचरा मात्र कुठल्याही गाळणीत चमकतो. तिचा हात गाळण्यांच्या चाकापर्यंत गेला आणि मांडीवर परत आला.

दार उघडून बाई आत आल्या.

“काय म्हणतंय?”

ती बाजूला झाली. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावला.

“हा काय!” त्या एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरका झाला होता. “हिरवा आहे. भेसळ आहे या पेशींत. फोटो घेतलास?”

“घेतला.”

“मग झालं. लिहून टाक उत्तर.”

“बाई, एकाच पेशीने एवढी रेघ कशी येईल?”

“एक दिसतेय, म्हणजे आणखी असणार.” बाईंनी डोळा काढला नाही. “तू लिही.”

तिला हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की रविवार होता, पिशवी होती. बाईंचा उजवा हात चाकावर होता. सगळ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात लाल गाळणी शिकवणाऱ्या बाई चाक फिरवत नव्हत्या.

“लाल लावून बघू या,” ती म्हणाली.

“तू नाही बघितलंस?”

“नाही. भीती वाटली.”

बाई हलल्या नाहीत. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि चाक एक घर फिरवलं. शेजारच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर ठिपका तसाच होता, लालभडक. त्याला एक लांब शेपूटही होतं. कपड्याचा धागा होता तो.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

“परीक्षकांना मी कळवते,” बाई म्हणाल्या. “ज्यांना ज्यांना कुपी दिलीय, त्यांनाही.” मग त्यांनी विचारलं, “तुझी मुलगी केवढी आहे गं?”

सहा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

“सहाची होईल. माझ्या आईकडे असते,” ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

बाईंनी तिला रडू दिलं.

“घेऊन ये तिला,” त्या म्हणाल्या. “आता वाट कशाची बघायची?”