आबांचं नाक

आमच्या घरात मासळी आधी आबांच्या नाकाखालून जाते, मग विळीवर. आबा म्हणजे माझे सासरे, केसरीनाथ. काल्हेरच्या खाडीत अर्धं आयुष्य जाळं टाकलेला माणूस. पिशवीतला मासा हातात घेणार, कल्ला उचलणार, हुंगणार, म्हणणार, "हाय. काप." ते 'हाय' आल्याशिवाय चुलीवर कालवण चढत नाही. जमिनीवर गोदामं उभी राहिली, दारात दोन गाड्या आल्या, तरी ही रीत सुटली नाही.

आणि मेलं खरं काय, तर आबांना वासच येत नाही. चार वर्षांपूर्वी कोरोनाच्या तापात गेला तो परत आलाच नाही. हे घरात फक्त मला माहीत.

तापातून उठल्यावर महिन्याभरात त्यांनी एक हलवा मासा असाच "हाय" म्हणून पास केला. मी विळीवर घेतला आणि नाकाला पदर लावला. सडका हो! कोणाला न सांगता मागच्या अंगणात पुरला, रिक्षा करून भिवंडीच्या बाजारातून दुसरा आणला. जेवताना आमचे हे, म्हणजे धनेश, बोटं चाटत म्हणाले, "आबांची पारख ती आबांचीच." आबा नुसते हसले. त्या दिवसापासून बाजाराला मी स्वतः जाते. ताजी मासळी निवडून आणते, आबांसमोर धरते, ते हुंगतात, "हाय" म्हणतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्या माणसाला अख्खं गाव मासा दाखवायला यायचं, त्याला कोणत्या तोंडाने सांगू, आबा, तुमचं नाक गेलं?

तर यंदा कुणालने, माझ्या मुलाने, केळव्याला जायचं काढलं. सून ऋतिका सात महिन्यांची गरोदर. बाळ झाल्यावर कुठे जाणं होतंय, म्हणून डॉक्टरणीला विचारून निघालो. पोरीला डोहाळे एकच, कोलंबी. तीन दिवस तोंडात दुसरं नाव नाही.

दुपारी समुद्रावरून आलो तर समोरासमोर दोन हॉटेलं, दोन्हीकडे मासळीचा बुफे. कुणाल मोबाईल काढून बसला. "ह्याला साडेचार स्टार, त्याला चार."

"स्टार खायचेत की मासे?" मी म्हटलं. "गर्दी कुठे आहे बघ. जिथे ताट पटापट रिकामं होतं, तिथला मासा शिळा राहत नाही."

साडेचार स्टारवाल्याकडे चिटपाखरू नव्हतं. पण आमचे हे लगेच म्हणाले, "आबा असताना मोबाईल कशाला? आबा सांगतील तिथे जेवू."

त्या रिकाम्या हॉटेलचा मालक ऐकत होता, त्यालाही मजा वाटली. त्याने दारातच बर्फावर मांडलेली मासळी दाखवली. सगळं सोललेलं, कापलेलं, लाल मसाला लावलेलं. डोळ्यांना काही कळायला जागाच नाही, जे काय ते नाकाने. आबा ऐटीत पुढे झाले. मी त्यांच्या मागेच राहायला हवं होतं. पण ऋतिकाने हाक मारली, "आई, इकडे बघा ना, एक फोटो." तिच्या पोटावर हात ठेवून मी समुद्राकडे पाठ केली आणि हसले. किती दिवसांनी हसत होते मी! तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला, "हाय. बसा."

झालं. सगळे आत.

मी बर्फाजवळून गेले आणि माझा पाय अडखळला. मसाल्याच्या घमघमाटाखालून तो उग्र दर्प येत होता. कोलंबी उतरलेली होती. कुणालला ते कळणं शक्य नाही, तो मासा फक्त ताटात बघतो. आणि ह्यांच्या नाकाला तंबाखूशिवाय दुसरा वास ओळखता येत नाही.

"मला बाई इथे कोंदट वाटतंय," मी म्हटलं. "पलीकडे जाऊ."

"पंखा आहे की डोक्यावर," हे म्हणाले.

"ऋतिकाला तिखट सोसणार नाही."

"आई, मला चालतं तिखट."

"पण मी म्हणते—"

"विनिता!" ह्यांनी डोळे वटारले. "आबांनी बघितलंय ना? तू काय आबांपेक्षा शहाणी?"

आबा ताठ मानेने बसले होते. मालक शेजारच्या वेटरला सांगत होता, "खाडीवरचे जुने जाणते आहेत." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. बोलले तर म्हाताऱ्याची चार लोकांत अब्रू जाते. नाही बोलले तर पोटुशी पोर ते विष खाते. एवढ्यात ऋतिका तव्यावरची कोलंबी ताटभर घेऊन आली. बसली. एक उचलली.

मी तिच्या हातावर फटका मारला. कोलंबी लांब जाऊन पडली.

"खाऊ नको! खराब आहे ती. आबांना वास येत नाही! चार वर्षं झाली, काहीच वास येत नाही त्यांना!"

मला वाटलं होतं हळू बोलले. पण अख्खं हॉटेल वळून बघत होतं. मालक "आमच्याकडे सगळं ताजं" म्हणत धावत आला. कुणालने ताट नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं करून खाली ठेवलं. हे मात्र माझ्यावरच उखडले. "लाज नाही वाटत? बापाची इज्जत काढलीस माझ्या!"

आबा उठले, चपला शोधल्या आणि बाहेर गेले.

मी मागोमाग गेले. सुरूच्या झाडाखाली बाकावर बसले होते. मी पायाशी बसले आणि रडायलाच लागले. "चुकले हो आबा. पण पोरीच्या पोटात..."

"बरा केलास," आबा म्हणाले. "तुना ठावं हाय, ह्या मना ठावं व्हता. तो हलवा तू पुरलास, त्या मी खिडकीतून बगला."

मी डोळे पुसायचे विसरले.

"तवापासून मी मासा हुंगायचू अन् तुज्या तोंडाकडं बगायचू. तू निवांत दिसलीस का 'हाय' म्हनायचू. आज बी बगला. तू हसत व्हतीस."

माझ्या हसण्यावर विश्वास ठेवून त्या माणसाने नातसुनेच्या ताटात ती कोलंबी जाऊ दिली होती.

शेवटी समोरच्या गर्दीच्या हॉटेलात गेलो. मासळी मी बघितली. चांगली होती. ऋतिकाने कोलंबी वाढून घेतली, हे माझ्याकडे पाठ करून बसले. आबांचं ताट मी हातात घेतलं आणि सगळ्या भांड्यांवरून फिरले. मालवणी पापलेट होतं, तळलेली मांदेली होती, खेकड्याचं कालवण होतं. परत येऊन विचारलं, "आबा, काय वाढू? तुमच्या आवडीचं सगळं आहे."

"काय बी वाढ बाय," ते म्हणाले. "मना सगला सारकाच लागतं."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. चार वर्षं हा माणूस माझ्या हातचं कालवण खाऊन "झकास" म्हणत होता. आणि मी नाकाचंच झाकत बसले होते, त्यांच्या जिभेचं काय झालं ते एकदाही विचारलं नव्हतं.