पावसाळ्यातल्या काचा

गौस गेला तो मार्चमध्ये. कागलकडून मोटरसायकलवरनं येत होता, दिवेलागणीची वेळ, आणि हायवेवर उसानं भरलेली एक ट्रॉली बिनदिव्याची उभी. घरी आणला तेव्हा सुगरानं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिच्या मनात आलं, याच्या शर्टाचं वरचं बटण लावायचं राहिलं होतं. रडू आलंच नाही. जमलेल्या बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, उद्या रडेल. उद्याही ती रडली नाही.

मग ती इद्दतीला बसली. नवरा गेल्यावर बाईनं घराबाहेर न पडता काढायचे ते चार महिने आणि वर दहा दिवस. कसबा बावड्यातल्या त्या दोन खोल्यांत उन्हाळा सरला, वळीव झाले, पाऊस लागला. इद्दत संपली तेव्हा जुलै अर्धा उलटून गेला होता.

सुगरा विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती. थोरला दीर अल्लाउद्दीन दारात छत्री झटकत म्हणाला, "आता कशाला जायाचं तिथं? लोक काय म्हणतील?"

सासू, ताजबी, तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "लोक येऊन तिच्याजवळ बसणार हायत व्हय? दिसभर भिंतीकडं बघत्या. जाऊ दे तिला."

"जाणार हायस का?" अल्लाउद्दीननं सुगराला विचारलं.

"जातो की," सुगरा म्हणाली. भाजी आणायला जातो म्हणावं तसं.

तिचं काम सांगायला सोपं होतं. काचेच्या पट्टीवर सिलिका जेलचा पांढरा पातळ थर द्यायचा आणि तो ओव्हनमध्ये कडकडीत वाळवायचा. खालच्या कडेशी रंगांच्या मिश्रणाचा एक ठिपका ठेवायचा आणि पट्टी बरणीत, ठिपका बुडणार नाही एवढ्याच द्रावकात, उभी करायची. द्रावक थरातून वर चढतो. जाताना एकेक रंग आपापल्या चालीनं नेतो, आणि एका ठिपक्याचे तीन-चार होतात. इतकं सगळेच करत. सुगराचा प्रश्न पुढचा होता. रंग तोच, बरणी तीच, मग ठिपका काल एवढा चढला आणि आज तेवढा का? बरणीतली वाफ आणि हवेतला ओलावा यांचा हिशोब लावून तिनं एक समीकरण बसवत आणलं होतं. त्यात तीन हिवाळे गेले होते. पावसाळ्यात काचा ऐकत नाहीत म्हणून त्या दिवसांत हे काम बंदच ठेवत.

तिला बघून इंगवले सर खुर्चीतून उठले आणि परत बसले. ते तिचे मार्गदर्शक. मार्चमध्ये घरी येऊन अल्लाउद्दीनजवळ बसून गेले होते, पण सुगरा आत होती, भेट झाली नव्हती. त्यांनी टेबलाच्या खणातून एक परदेशी नियतकालिक काढलं.

"हे मे महिन्यात आलं. बोटीनं येतं, उशीर होतो. तुझ्याकडं पाठवावं का न पाठवावं, मला कळेना."

सुगरा उभ्याउभ्याच वाचू लागली. दोन माणसांनी मिळून लिहिलेला लेख होता. चिन्हं वेगळी वापरली होती, समीकरण तेच होतं. तिनं शेवटपर्यंत वाचलं.

"बरोबर आहे सर."

"काय बरोबर आहे?"

"त्यांचं. आपलंच आहे."

सरांनी अंक तिच्या हातून घेतला. "सुगरा, तुला वाईट वाटत नाही?"

"वाटत असेल," ती म्हणाली.

दुसऱ्यांनी आधीच छापलेल्यावर प्रबंध चालणार नव्हता. सरांनी विषय बदलायचं सुचवलं. दोन वर्षं जास्त जातील, पण पदवी होईल. सुगरानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आधी त्यांचे आकडे एकदा तपासून बघते."

"या पावसात? ओव्हनमधनं काढल्या काढल्या पट्ट्या ओल धरतात."

"धरू देत."

यात जिद्द वगैरे काही नव्हती. हातांना काहीतरी हवं होतं, आणि घरी लवकर जाऊन करायचं काही नव्हतं. ती सकाळी बावड्याहून यायची, सिलिका पाण्यात कालवून काचांवर पसरायची, वाळवायची, ठिपके द्यायची. बाहेर पावसाची झड लागलेली असायची. बरोबरीची मुलं जपून बोलायची, मग बोलायचीच बंद झाली. तिला त्याचंही काही वाटलं नाही.

तिच्या मिश्रणात एक लाल रंग होता आणि एक निळा. लाल कायम वर जायचा, निळा खाली राहायचा. एके दिवशी, भिंतींनासुद्धा ओल फुटली होती तेव्हा, तिनं बरणीतून काच काढली तर निळा वर होता.

आपण ठिपके देताना चुकलो असं तिला वाटलं. तिनं दुसरी काच केली. तिसरी केली. निळा वरच.

ती स्टुलावर बसली आणि बऱ्याच दिवसांनी एखाद्या गोष्टीचा नीट विचार करू लागली. ओलाव्यानं ठिपके कमीजास्त चढतात हे समीकरणात होतं. पण रंग जागाच बदलतील हे त्यात कुठंच बसत नव्हतं, तिच्याही नाही आणि त्या दोघांच्याही नाही. हवा इतकी ओली झाली की सिलिकाच्या कणांवर पाण्याचा पापुद्रा धरत असणार. मग रंगांना अडवायचं काम सिलिका करत नाही, पाणी करतं. खेळच दुसरा, नियम दुसरे. त्या दोघांच्या प्रयोगशाळेत एवढी ओली हवा कधी आलीच नसणार.

सरांना दाखवलं तेव्हा ते काच हातात धरून खिडकीपाशी गेले आणि कितीतरी वेळ तिथंच उभे राहिले. मग त्यांनी शेजारच्या खोलीतल्या दोघांना बोलावून आणलं. सगळे एकदम बोलू लागले. सुगरा बाजूला उभी होती. ही आनंदाची गोष्ट आहे हे तिला कळत होतं, शेजारच्या मुलीचं लग्न ठरल्यावर कळतं तसं.

पुढचे दोन पावसाळे तिनं तेच केलं, आणि कोरड्या दिवसांत लिहीत बसली. तोंडी परीक्षेला धारवाडहून एक वयस्क परीक्षक आले. त्यांनी बरंच खोदून विचारलं, तिनं उत्तरं दिली. शेवटी ते म्हणाले, "तुमचा प्रबंध मला आवडला. एक कुतूहल म्हणून विचारतो. सगळे ज्या दिवसांत हे काम बंद ठेवतात, नेमक्या त्याच दिवसांत करावं असं तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचलं नाही," सुगरा म्हणाली. "त्या वर्षी मार्चमध्ये माझे मालक वारले. घराबाहेर पडले तेव्हा पाऊस सुरू होता."

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. इंगवले सर खाली बघत होते.

घरी ताजबी जोत्यावर बसली होती. "झालं?"

"झालं, अम्मी."

"डाक्टर म्हणायचं आता तुला?"

"औषध देणारी न्हाय."

"ते ठाव हाय मला." ताजबीनं तिला बसायला जागा करून दिली. थोड्या वेळानं म्हणाली, "गौस असता तर..." आणि गप्प झाली. त्या घरात त्याचं नाव आलं की वाक्य तिथंच तुटत असे. सुगराही कधी ते पुढं नेत नसे.

"बोला की अम्मी," आज ती म्हणाली. "असता तर काय?"

ताजबीनं तिच्याकडं वळून पाहिलं. "सगळ्या गल्लीला सांगत फिरला असता. त्याला काय, निमित्त पायजे."

"आन् विषय चुकीचा सांगितला असता," सुगरा म्हणाली. "मी चार येळा सांगूनबी त्याला नाव घ्यायला येत नव्हतं. म्हणायचा, आमची बेगम काचा रंगवत्या."

ताजबी हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. सुगराच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण ती उठूनही गेली नाही. गौस आणखी काय काय म्हणायचा ते ती आठवून आठवून सांगू लागली, आणि म्हातारी ऐकत राहिली.